दोघांच्या आखाड्यात एकटा



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस व्हिडिओ गेमवर बोलणार, आणि तेही जोडीनं लढायच्या गेममध्ये एकट्यानं लढण्याबद्दल! पण मंडळी, खेळाकडे तत्त्वज्ञानानं कधी पाठ फिरवलेली नाही. खेळ म्हणजे नियमांनी उभं केलेलं एक लहानसं जग. तिथे कोणाला काय मिळावं, कोण हरला असं कधी म्हणावं, हे सगळं माणसानं बसून ठरवलेलं असतं. त्यामुळे न्याय, समता, एक आणि अनेक यांचा विचार करायला इतकी स्वच्छ जागा दुसरीकडे सहसा सापडत नाही. खऱ्या जगात नियम कोणी केले ते शोधता शोधता आयुष्य जातं. गेममध्ये निदान कंपनीचं नाव आणि साल सांगता येतं.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. पडद्यावर दोन पात्रं समोरासमोर उभी असतात. वरच्या बाजूला दोघांच्या लाइफच्या पट्ट्या. मार बसला की पट्टी कमी होते, संपली की पात्र आडवं. १९९१ साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि एकास एक लढत हाच या प्रकाराचा पाया झाला. टॅग टीम गेममध्ये मात्र प्रत्येक खेळाडूकडे दोन पात्रं असतात, कधी तीन. एक आत लढतं, दुसरं बाहेर थांबतं. बटण दाबलं की अदलाबदल. आणि महत्त्वाची गोष्ट ही की बाहेर थांबलेल्या पात्राची गेलेली ताकद थोडी थोडी भरून येते. म्हणजे एक जण लढतो तेव्हा दुसरा विसावा घेत असतो.

आता प्रश्न असा: अशा गेममध्ये एखाद्याला एकट्यानंच लढायचं असेल तर? दोघांतला एक काढून टाकायचा, झालं! असं आपल्याला पटकन वाटतं. आजचं आमचं म्हणणं याच्या उलट आहे. दोघांसाठी बांधलेल्या खेळातून एक वजा केला की उरतो तो अर्धा खेळ नसतो. तो वेगळा खेळ असतो, आणि तो वेगळा मांडावा लागतो. गेम करणाऱ्यांना हे उमगायला बरीच वर्षं लागली. ती वर्षं कशी गेली, तेच आज पाहायचं आहे.

ही टॅगची कल्पना आली कुठून? आपल्या तांबड्या मातीतल्या कुस्तीतून नव्हे. ती आली व्यावसायिक रेसलिंगच्या रिंगमधून. तिथे जोडीतला एक पैलवान आत असतो आणि दुसरा दोरांच्या बाहेर आपल्या कोपऱ्यात. आतल्यानं येऊन त्याच्या हाताला हात लावला की बाहेरचा आत. १९८३ मध्ये टेक्नोस जपाननं रेसलिंगवरचा एक आर्केड गेम काढला, त्यात अशा जोड्या होत्या. तो पश्चिमेकडे 'टॅग टीम रेसलिंग' या नावानं ओळखला गेला.

पुढे १९९४ साली एसएनके या कंपनीनं 'किंग ऑफ फायटर्स ९४' आणला. त्यात तिघांचा संघ असे. पण नीट पाहिलं तर तो टॅगचा गेम नव्हता. पहिला पडला की दुसरा, दुसरा पडला की तिसरा. लढत नेहमी एकास एकच. फक्त रांग लागलेली. रांगेत उभे असलेले तिघे आणि एकमेकांच्या जागी येणारे दोघे यांत फरक आहे. रांगेतल्या माणसाला पुढच्याच्या पडण्याची वाट पाहावी लागते. जोडीतला माणूस पुढच्याला पडण्याआधीच बाहेर काढू शकतो.

खरी सुरुवात १९९६ मध्ये झाली. त्या एका वर्षात दोन गेम आले. एक कॅपकॉमचा 'एक्स-मेन विरुद्ध स्ट्रीट फायटर' आणि दुसरा एसएनकेचा 'किझुना एन्काउंटर'. दोन्हींत जोड्या, दोन्हींत अदलाबदल. पण हार-जितीचा नियम अगदी वेगळा, आणि आजच्या विषयाची किल्ली याच फरकात आहे.

कॅपकॉमच्या गेममध्ये समोरच्याची दोन्ही पात्रं पडली तरच तुम्ही जिंकला. एक पडलं तर दुसरं लढत राहणार. 'किझुना एन्काउंटर'मध्ये अदलाबदल हवी तिथे करता येत नसे. आखाड्यात आपल्या बाजूला ठरवून दिलेल्या पट्ट्यात परत यावं लागे, रेसलिंगमध्ये कोपऱ्यात यावं लागतं तसं. आणि दोघांपैकी कोणतंही एक पात्र पडलं की जोडी हरली. नाम्को कंपनीचा १९९९ मधला 'टेकन टॅग टूर्नामेंट' याच दुसऱ्या नियमानं चालला. कॅपकॉमनं स्वतः २०१२ मध्ये 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन' काढला, तेव्हा त्यांनीही हाच नियम घेतला.

आता विचार करा. पहिल्या नियमात जोडीदार म्हणजे दुसरा प्राण. तो नसेल तर तुमच्याकडे एकच जीव आणि समोर दोन. दुसऱ्या नियमात जोडीदार म्हणजे दुसरा प्राण नव्हे, कारण त्याचा जीव गेला तर तुमचाही गेलाच. तिथे जोडीदार म्हणजे विसावा, मदत, आणि सोबतीला जबाबदारीसुद्धा. दोघांपैकी कोणाचीही पट्टी संपू द्यायची नाही, हे सांभाळावं लागतं. म्हणजे पहिल्या आखाड्यात एकट्याचा एक जीव कमी पडतो. दुसऱ्यात त्याचा विसावा कमी पडतो. एकटेपणा एकच नसतो, मंडळी. तो ज्या घरात वाट्याला येतो त्या घराच्या नियमांवर त्याचा आकार ठरतो.

या इतिहासात एकट्यानं लढणं पहिल्यांदा आलं ते मात्र कोणाच्या आवडीनं नाही. ते आलं नाइलाजानं.

आर्केडमधली मशिनं दणकट होती. घरातले कन्सोल तसे नव्हते. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती २ मेगाबाइट. आज फोनवर काढलेला एखादा फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. या गेममधली पात्रं म्हणजे हातानं काढलेल्या चित्रांच्या चळती: एकेका पात्राचा एकेक ठोसा, एकेक उडी, एकेक पडणं, सगळी स्वतंत्र चित्रं. बटण दाबल्याबरोबर क्षणात अदलाबदल व्हायची तर चारही पात्रांची चित्रं मेमरीत तयार हवीत. सेगा सॅटर्न या कन्सोलसाठी १९९७ मध्ये जपानात हा गेम निघाला तेव्हा त्यासोबत ४ मेगाबाइटचं जादा मेमरीचं कार्ट्रिज द्यावं लागलं. ते लावलं की घरातही अदलाबदल होत असे. प्लेस्टेशनला अशी सोय नव्हती. म्हणून १९९८ च्या प्लेस्टेशन आवृत्तीतून टॅगच काढून टाकला.

काय उरलं? नावात दोन संघ, निवडताना दोन पात्रं, पण लढत एकास एक. जोडीदार एखाद्या खास हल्ल्यापुरता क्षणभर धावून येई आणि निघून जाई. त्याच्याशी जागा बदलता येत नसे. आर्केडमध्ये तो गेम खेळलेल्या पोरांना हे कसं वाटलं असेल, ते सांगायला नको. नाटकाचं तिकीट काढावं आणि आत एकपात्री प्रयोग निघावा, तसा प्रकार.

या मालिकेच्या प्लेस्टेशन आवृत्त्यांत एक चतुर पळवाटही काढली गेली, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला ती फार आवडण्यासारखी आहे. समजा तुम्ही 'अ' घेतलात आणि मी 'ब'. मग तुमचा जोडीदार 'ब' आणि माझा जोडीदार 'अ'. मेमरीत चित्रं फक्त दोन पात्रांची, पण लढत दोघांच्या जोड्यांची. अदलाबदल पुन्हा शक्य! किंमत एवढीच की तुमचा सोबती म्हणजे तुमच्या शत्रूची हुबेहूब प्रतिकृती. सोबत हवी असेल तर ती समोरच्याच्याच रूपात घ्यायची.

आता इथे एक जुना वाद आठवतो. आपल्याकडे नैयायिक म्हणत की अवयवी हा अवयवांहून वेगळा पदार्थ आहे. कापड म्हणजे नुसते धागे नव्हेत. धाग्यांच्या संयोगातून निर्माण झालेली ती एक नवी वस्तू आहे. बौद्ध म्हणत, छे! धागेच खरे, कापड हे आपण दिलेलं नाव. मिलिंद राजाला नागसेनानं रथाचं उदाहरण दिलं ते याचसाठी: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे?

जोडीच्या गेमला हा प्रश्न विचारून पाहा. जोडी म्हणजे दोन पात्रं एकापुढे एक ठेवलेली, एवढंच असेल तर एक काढल्यावर दुसरं जसंच्या तसं उरायला हवं. पण तसं उरत नाही. 'टेकन टॅग' घ्या. त्यात किंग नावाचा जॅग्वारचा मुखवटा घालणारा पैलवान आहे आणि त्याचा जोडीदार म्हणून आर्मर किंग घेता येतो. दोघांनी मिळून मारायची फेक वेगळी असते. समोरच्याला एकानं हवेत उडवायचं आणि त्याच दमात दुसऱ्यानं आत येऊन तो हवेत असतानाच पुढचे ठोसे द्यायचे, अशा चाली त्या गेमच्या मुळाशी आहेत. शिवाय बाहेर थांबलेला जोडीदार आपल्या सोबत्याला मार बसताना पाहून संतापतो. त्याची पट्टी चमकू लागते आणि तो आत आला की काही काळ त्याचे घाव जास्त लागतात. जोडीदार काढून टाका. फेक गेली, उडवून देण्यातला अर्धा अर्थ गेला, आणि तुमच्यासाठी संतापणारंही कोणी उरलं नाही. पात्र तेच, बटणं तीच, पण हालचालींमध्ये मोकळ्या जागा राहिल्या. दुसऱ्या कोणासाठी ठेवलेल्या जागा. या बाबतीत तरी आमचं मत नैयायिकांच्या बाजूनं पडतं.

एकट्यानं लढण्याचा दुसरा टप्पा सौजन्याचा म्हणता येईल. 'टेकन टॅग टूर्नामेंट' २००० साली प्लेस्टेशन टू या नव्या कन्सोलवर आला. या वेळी मेमरीची अडचण नव्हती. तरी करणाऱ्यांनी मेन्यूमध्ये एकास एक असा वेगळा पर्याय ठेवला. कारण समजण्यासारखं आहे. टेकनचे आधीचे तिन्ही भाग एकास एक लढतीचे. ते खेळून तयार झालेला माणूस एका पात्रावर वर्षानुवर्षं मेहनत घेतो. त्याच्या बोटांना त्या एका पात्राची सवय झालेली असते, एखाद्या तबलजीला आपल्या तबल्याची असते तशी. त्याला सांगायचं की आता दुसरं पात्रही शीक, म्हणजे त्याचं काम दुप्पट होतं. दुपटीहूनही जास्त, कारण कोणाला कधी आत आणायचं हीच एक तिसरी विद्या होते. म्हणून त्याच्यासाठी एक बाजूची खोली ठेवली. तिथे तुम्ही एकटे, समोरचाही एकटा.

हे सौजन्य आम्हाला आवडतं, पण त्याची मर्यादाही दिसते. ती खोली बाजूला होती. गेमचं मुख्य अंगण जोडीचंच राहिलं. एकट्यानं एकट्याशीच खेळावं, जोडीवाल्यांत येऊ नये, असा त्याचा अर्थ झाला. आपल्या समाजातही असं पुष्कळ ठिकाणी असतं. एकट्या माणसाला कोणी हाकलून देत नाही. त्याची पंगत तेवढी वेगळी मांडतात.

पुढे जाण्याआधी जरा बॅडमिंटनच्या कोर्टावर जाऊ. पुण्याशी या खेळाचा जुना संबंध आहे. १८७०च्या दशकात इथल्या इंग्रज मंडळींमध्ये तो रुळला होता, त्याला 'पूना' असंही म्हणत, आणि त्याचे सुरुवातीचे नियमही इथेच बांधले गेले. आज आपण ज्या कोर्टावर खेळतो त्याच्या रेषा पाहा. दुहेरीसाठी कोर्टाची रुंदी ६.१० मीटर. एकेरीसाठी ५.१८ मीटर. दोन्ही कडांच्या पट्ट्या एकेरीत बाद. का? कारण एका माणसाला दोन माणसांचं मैदान धावून झाकता येत नाही. पण गंमत पुढे आहे. सर्व्हिस करताना दुहेरीत फूल मागच्या आतल्या रेषेच्या अलीकडे पडावं लागतं. एकेरीत ते थेट शेवटच्या रेषेपर्यंत चालतं. म्हणजे एकेरीचं मैदान नुसतं लहान नाही. ते एकीकडे अरुंद आहे आणि सर्व्हिसपुरतं लांब आहे. त्याचा आकारच वेगळा आहे. ज्यांनी या रेषा आखल्या त्यांना नेमकं कळलं होतं की एकेरी म्हणजे दुहेरी वजा एक नव्हे. म्हणूनच आज एकाच जमिनीवर दोन खेळ सुखानं नांदतात.

व्हिडिओ गेमच्या पडद्यावर मात्र रेषा आत घेता येत नाहीत. आखाडा तोच राहतो. मग एकट्यासाठी बदलायचं काय? आकडे. किती लाइफ, घाव किती जड, ताकद परत किती येते, हे बदलायचं. हा तिसरा टप्पा, आणि आमच्या मते सर्वांत विचारी.

त्याची पूर्वतयारी टॅग नसलेल्या एका गेममध्ये झाली. २००० साली कॅपकॉमनं 'कॅपकॉम विरुद्ध एसएनके' आणला. त्यात पात्रांना १ ते ४ असे गुण नेमून दिले होते आणि संघाची बेरीज ४ व्हायची. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात हे गुण कोणाला किती द्यायचे ते खेळाडूच्या हाती दिलं. तिघांत वाटा, दोघांत वाटा, नाही तर चारही एकालाच द्या. लढती एकामागून एक होत, अदलाबदल नव्हती. पण कल्पना पाहा! संघ मोजायचा तो डोकी मोजून नाही, वजनानं. एकटा आला तरी तराजू समतोल ठेवता येतो, ही गोष्ट त्या गेमनं आकड्यांत मांडून दाखवली.

२०१२ साली ही कल्पना टॅगच्या गेममध्ये पुरती उतरली. 'स्कलगर्ल्स' नावाचा अमेरिकेत तयार झालेला गेम त्या वर्षी आला. त्यात तुम्ही एक पात्र घेऊ शकता, दोन किंवा तीन. तीन घेतलीत तर मदतीला येणारे सोबती मिळतात, अदलाबदल मिळते. पण प्रत्येक पात्र थोडं नाजूक असतं. एकच घेतलंत तर सोबत नाही, विसाव्याला बाहेर जाणं नाही. पण त्या पात्राची लाइफ जास्त आणि घाव जड. एकटा तिघांसमोर उभा राहतो आणि लढत लढतीसारखी होते. ही बाजूची खोली नव्हे. हे मुख्य अंगण आहे.

त्याच काळात 'टेकन टॅग टूर्नामेंट टू' आला. आर्केडमध्ये २०११ ला, घरच्या कन्सोलवर २०१२ ला. त्यातही एकटा माणूस जोडीसमोर उभा राहू शकत होता, आणि त्याच्या ताकदीचा हिशेब जोडीतल्या पात्रापेक्षा वेगळा धरला होता. मघाचा हार-जितीचा नियम इथे आठवा. टेकन टॅगमध्ये जोडीतला कोणीही एक पडला की फेरी संपते. म्हणून इथे एकटा आणि जोडी यांची लढत जमून जाते. एकट्याला समोरचे दोन्ही पाडावे लागत नाहीत. कोणाही एकाला पाडलं तरी पुरतं. 'एक्स-मेन विरुद्ध स्ट्रीट फायटर'च्या नियमात हे जमवायचं तर एकट्याला केवढं तरी बळ द्यावं लागलं असतं. नियमाचं एक कलम बदललं की कोणाला आत येता येतं आणि कोण बाहेर राहतो, हे असं बदलतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, एकट्यानं खेळायचं त्यानं स्वतः ठरवलं. दोन पात्रं सर्वांना खुली होती. त्यानं घेतली नाहीत. मग त्याला जादा लाइफ कशासाठी? ही तर आळसाला बक्षिसी झाली. ज्यानं राबून दोन पात्रं शिकली, त्याच्यावर हा अन्याय नाही का?

अ‍ॅरिस्टॉटलनं समतेचे दोन प्रकार वेगळे केले. एक आकड्यांची समता, सर्वांना सारखं. दुसरी प्रमाणाची समता, ज्याच्या त्याच्या मानानं. आक्षेप घेणारा पहिल्या समतेची मागणी करतो. नियम सर्वांना सारखाच होता, असं म्हणतो. पण नियम सारखा असला तरी तो घडवताना कोण डोळ्यांसमोर होतं? जोडी. अदलाबदल, विसावा, मदतीचा हल्ला, ही सगळी देणगी जोडीला आधीच मिळालेली आहे. ती इतकी सवयीची झाली की देणगी वाटतच नाही; खेळाचा स्वभावच वाटतो. एकट्याला दिलेली जादा लाइफ मात्र लगेच डोळ्यांत खुपते. ती मेहेरबानी नव्हे. जोडीला जे न मागता मिळालं, त्याचा तो दुसऱ्या नाण्यात दिलेला मोबदला आहे.

आणि हा मोबदला फुकटही नसतो, हेही सांगायला हवं. एकटा खेळणारा फसला की त्याला सोडवायला कोणी येत नाही. समोरच्यानं त्याची एक खोड ओळखली की संपलं, कारण दुसरं पात्र आणून डाव बदलता येत नाही. त्याला आपल्या एकाच पात्रात इतकं खोल जावं लागतं की त्यातच दहा डाव सापडावेत. रुंदीच्या जागी खोली. बॅडमिंटनचं एकेरीचं कोर्ट अरुंद पण लांब असतं म्हटलं ना, तसंच हे.

आता शेवटचा प्रकार. काही जण एकटे खेळायला येत नाहीत. लढता लढता एकटे उरतात. तिघांच्या संघातले दोन पडले, आता एकच उभा, समोर तिघं ताजेतवाने. २०११ मधल्या 'मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम थ्री'मध्ये या प्रसंगासाठी 'एक्स-फॅक्टर' नावाची सोय केली. लढतीत एकदाच वापरायची. ती लावली की पात्राचा वेग आणि घाव दोन्ही वाढतात, गेलेल्या लाइफचा काही भाग परत येतो. पण किती वाढ आणि किती वेळ, हे तुमचे सोबती किती उरलेत त्यावर ठरतं. तिघं असताना लावली तर थोडी. एकटेच उरला असाल तर सर्वांत मोठी.

२०१३ च्या एव्हो स्पर्धेत, अमेरिकेत लास व्हेगासमध्ये, जस्टिन वाँग या नामवंत खेळाडूकडे ख्रिस जी याच्याविरुद्ध अकुमा हे एकच पात्र उरलं होतं. त्या एकट्यानं समोरची पात्रं एकामागून एक पाडली आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. गेमच्या जाणत्यांत त्या सोयीवर वाद झडले. मागे पडलेल्याला इतकं बळ द्यावं का, दोघांना आधी पाडणाऱ्याच्या कौशल्याचं काय, असं पुष्कळांनी विचारलं. वाद खराच आहे. मोबदला आणि उलटा अन्याय यांच्यामधली रेषा बारीक असते, आणि ती आकड्यांनीच आखावी लागते, पुन्हा पुन्हा पुसून.

पण ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. कबड्डी आठवा. बचाव करणाऱ्यांचे तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात उरलेले असताना त्यांनी चढाईवाल्याला पकडलं, तर त्यांना एक गुण जादा मिळतो. त्याला सुपर टॅकल म्हणतात. सात जणांनी एकाला धरणं आणि दोघांनी एकाला धरणं ही दिसायला एकच कृती. पण तिचं मोल एक नाही, हे त्या नियमानं मान्य केलं. आणि चढाईवाला तर नेहमीच एकटा जातो. सातांच्या अंगणात एकटा, एका श्वासावर. त्याला स्पर्श करून मधली रेष गाठली की पुरे. सातांना उचलून आणावं लागत नाही. एकट्यासाठी जिंकण्याची व्याख्याच निराळी करून ठेवली आहे. चढाईचा नियम घडवणाऱ्यांना पुस्तकी न्यायशास्त्र येत असो वा नसो, प्रमाणाची समता त्यांना चांगली कळत होती.

तर मंडळी, इतिहास म्हणून जे घडलं ते एवढं. आधी एकटेपणा मशिनच्या तोकडेपणामुळे लादला गेला. मग तो सौजन्य म्हणून बाजूच्या खोलीत बसवला गेला. मग काही विचारी माणसांनी तराजू काढला आणि एकट्याला मुख्य अंगणात जोडीसमोर उभं केलं. हा प्रवास सरळ चढाचा आहे, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. टेकनच्या मालिकेचा पुढचा भाग, सातवा, २०१५ मध्ये आर्केडमध्ये आला तो पुन्हा एकास एक लढतीचा, जोडी नसलेला. २०१७ मधल्या 'मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम इन्फिनिट'मध्ये तिघांचे पुन्हा दोघे झाले. गेम येतात, जातात. प्रत्येक नव्या गेमला हा प्रश्न नव्यानं सोडवावा लागतो, आणि काही जण तो सोडवण्याच्या भानगडीतच पडत नाहीत.

आम्ही हा विषय घेतला तो पोरांच्या करमणुकीचं कौतुक करण्यासाठी नाही, आणि टीका करण्यासाठीही नाही. आपल्याभोवती पुष्कळ गोष्टी जोडीसाठी, कुटुंबासाठी, गटासाठी बांधलेल्या असतात. घराचा आराखडा, सहलीचा दर, शिधापत्रिका, लग्नघरातली आसनं. त्यात कोणी एकटा येतो. कोणी आपण होऊन, कोणी परिस्थितीनं, कोणी सोबती गेल्यामुळे. आणि आपण सहज म्हणतो, तुम्ही एकटेच ना, मग तुम्हाला काय कमी लागणार! एक वजा केला की खर्च कमी, गरज कमी, अडचण कमी, असा आपला हिशेब. जोडीनं खेळायच्या गेमनी हा हिशेब चुकीचा ठरवला आहे. एकट्याला कमी लागत नाही. त्याला वेगळं लागतं. आजारपणात त्याच्या जागी आत येणारं कोणी नसतं, म्हणून त्याची पट्टी जरा लांब हवी.

बॅडमिंटनच्या कोर्टावर ती जास्तीची रेघ कोणीतरी चुन्यानं आखली तेव्हा दुहेरीवाल्यांचं काहीही बिघडलं नाही. त्यांच्या रेषा होत्या तिथेच राहिल्या. फक्त त्याच जमिनीवर एकट्यानं खेळायला येणाऱ्यासाठी एक माप जास्त काढावं लागलं. ते माप काढण्याची तसदी घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि तो गेम करणाऱ्या कंपन्यांपुरता नाही.

आता प्रश्न विचारा; समोरच्या रांगेतली तरुण मंडळी आमच्यापेक्षा हे गेम पुष्कळ जास्त खेळलेली आहेत, त्यांनी आधी बोलावं.